‘दोन मित्र, संत्रा मार्केट’

मुलानं पुण्याहून मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “बाबा, नागपूरच्या एका फोटो-प्रदर्शनात हा लागलाय. हे तुम्हीच ना? आणि हे सोबतचे काका कोण?”

मीच होतो. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर, ओठ घट्ट मिटलेले. समोर तो बसलेला. आमच्या दोघांच्या मध्ये चौकड्यांचा एक रुमाल, आणि दोघांचे उजवे हात त्या रुमालाखाली. मागे संत्र्यांचे ढीग, ढिगांच्या मागे पत्र्याची शेड. मी एका बाजूला पाहतोय, तो दुसऱ्या. भिंतीवर टांगलेल्या फोटोचा कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता, त्यामुळे खालची पांढरी पाटीही त्यात आली होती. पाटीवर छापलेलं होतं : दोन मित्र, संत्रा मार्केट.

मुलाला मी उत्तर दिलं नाही. डब्याची बाई पोळ्या ठेवून गेली होती, त्या तशाच झाकल्या आणि मनीषनगरच्या चौकातून रिक्षा केली. रिक्षावाल्याशी भांडणही नीट केलं नाही. त्यानं सांगितलं त्या भाड्यात बसलो. यावरून माझं डोकं किती फिरलं होतं ते कळावं.

ज्या माणसाशी मी आयुष्याची अर्धी वर्षं बोललो नाही, त्याचा मित्र म्हणून मला भिंतीवर टांगलं होतं. तेही मला न विचारता.

प्रदर्शन सीताबर्डीजवळच्या एका हॉलमध्ये होतं. ज्या माणसाचे फोटो, तो आता नाही. त्याच्या हयातीत तो मला चांगला ठाऊक होता. कुठल्याशा कचेरीत कारकून होता. कचेरी उघडायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन शहरभर फिरायचा. मार्केटात यायचा तेव्हा त्याची एक रीत ठरलेली असायची. एकच संत्रं घ्यायचा, तेही निवडून. मग कुठल्यातरी पेटीला टेकून ते सोलायचा आणि एकेक फोड अशी खायचा की जणू औषध घेतोय. हमाल त्याला आधी हसायचे, मग धक्के मारायचे, मग विसरून जायचे. सगळं मार्केट त्याला विसरलं की तो कॅमेरा काढायचा.

मी एकदा त्याला हटकलं होतं. “काय बे, सौद्याचे फोटो काढतो? लोकायले भाव दाखवून राहिला काय?”

तो म्हणाला, “सौदा कुठं दिसते भाऊ? रुमाल दिसते.”

मी त्याला तिथून हाकललं. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा हजर.

हॉलमध्ये शिरल्यावर मी सरळ माझ्या फोटोकडे जाणार होतो, पण वाटेत बाकीचे फोटो होते. महालातल्या एका गल्लीत सायकलरिक्षाच्या सीटवर पाय वर घेऊन झोपलेला रिक्षावाला. बसस्टँडवर कामठीच्या गाडीची वाट पाहणारी गर्दी, सगळ्यांची तोंडं एकीकडे, आणि एक बाई पाठमोरी. मारबतीच्या मिरवणुकीत गुलालाच्या ढगातून बाहेर येऊन एका कट्ट्यावर बसलेला म्हातारा, बूट काढून पाय चोळतोय. उन्हाळ्यातली रिकामी सडक आणि कूलरची खस विकणारा एकटाच. तर्री-पोह्याच्या गाडीवर खाणारे दहा-बारा लोक, त्यातला एकही दुसऱ्याशी बोलत नाही.

हा माणूस गर्दीचे फोटो काढत नव्हता, हे माझ्या तिथे लक्षात आलं. गर्दी त्याला पडद्यासारखी लागायची. प्रत्येक फोटोत तो एक जण शोधायचा, ज्याला त्या वेळी कोणी नव्हतं. मला याचा राग आला. असं न सांगता माणसाला पकडणं बरोबर नाही.

आमच्या फोटोसमोर कॉलेजातल्या दोन मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, “किती क्यूट ना. थंडीत हात धरून बसलेत म्हातारे.”

“म्हातारे?” मी मागून म्हणालो. “पन्नाशीसुद्धा नव्हती तेव्हा.”

त्या दचकल्या. मग एकीनं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. “तुम्हीच? आणि तुमचे फ्रेंड कुठे आहेत?”

मी तिथूनच आवाज दिला, “इथं मालक कोण आहे?”

मालक म्हणजे त्या फोटोवाल्याची मुलगी निघाली. चाळिशीची, केस आखूड कापलेले, पुण्याला शिकवते. बापाचे फोटो पेटीतून काढून, मोठे करून, स्वतः हातानं टांगले होते तिनं. मी कोण ते कळल्यावर तिला इतका आनंद झाला की माझा राग क्षणभर अडला. तिनं खुर्ची मागवली, पाणी मागवलं. मी बसलो नाही.

“ही पाटी चूक आहे,” मी म्हणालो.

“कोणती, काका?”

“आम्ही मित्र नाही.”

“मग कोण आहात?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. “व्यापारी लिहा,” मी म्हणालो. “दोन व्यापारी.”

“पण बाबांनी फोटोच्या मागे स्वतः लिहून ठेवलंय, ‘दोन मित्र’.”

“तुमच्या बाबांनी मले विचारलं होतं?”

“तुम्ही हात धरून बसलायत, काका.”

मग तिला सगळं सांगावं लागलं. तिला वाटत होतं की थंडीमुळे आम्ही हातावर कापड घेतलंय. मी सांगितलं की तेव्हा मार्केटात भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकणारा, आणि घेणारा समोरासमोर बसायचे, हातावर रुमाल टाकायचे, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करायचे. एक बोट धरलं तर एक, पाचही धरली तर पाच. दहाची गोष्ट चाललीय की शंभराची, ते दोघांना ठाऊक. भोवती माणसं उभी असायची, पण काय मागितलं, काय दिलं, कुठे अडलं, हे त्या दोघांशिवाय कोणाला कळायचं नाही. चेहऱ्यावरून कोणी ओळखू नये म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. म्हणून मी तिकडे पाहतोय, तो इकडे.

“म्हणजे इथे भांडण चाललंय?” तिनं विचारलं.

“भाव चाललाय.”

तिनं फोटोजवळ जाऊन रुमाल नीट पाहिला. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाली, “काका, फोटोत तुम्ही दोघं आहात, आणि सांगताय तुम्ही एकटे. ते काकाही म्हणाले की आम्ही मित्र नव्हतो, तर त्याच दिवशी पाटी बदलते. बाबांनी लिहिलेली असली तरी.”

पोरगी बापापेक्षा पक्की होती. मी म्हणालो, “ठीक आहे.” प्रदर्शन संपायला आठवडाभर होता. सह्या घ्यायला जातात तसं जायचं, हो म्हणवून घ्यायचं आणि यायचं, असा माझा हिशेब होता.

आता तो कोण, ते सांगायला हवं.

मी कळमेश्वरकडच्या एका खेड्यातून नागपूरला आलो तेव्हा माझ्याजवळ अंगावरचे कपडे आणि जीभ, एवढंच भांडवल होतं. तो मला स्टेशनबाहेर भेटला. आम्ही एका हातगाडीवर संत्री विकली. तो फळ पारखायचा, मी गिऱ्हाइकाशी बोलायचो. त्याला माल कळायचा, मला माणूस कळायचा. गाडीवरून आम्ही अडतीवर आलो. नवं यार्ड झालं तेव्हा तिथे गाळा मिळायची वेळ आली, आणि नेमके तेव्हाच माझे वडील गेले. मी गावी. तेरवी करून परत आलो तर गाळा मिळाला होता आणि कागदावर नाव त्याचं एकट्याचं होतं.

तो म्हणाला, एकच नाव लागत होतं, तू नव्हता, मुदत चालली होती, तुझं नाव मागाहून घालू. मी म्हणालो, तू चोर आहेस. भर मार्केटात म्हणालो, हमालांच्या देखत, त्याच्या मेव्हण्याच्या देखत. नाव मागाहून घातलं गेलं नाही. मीही मग मागितलं नाही. वेगळा झालो, घेणारा झालो, दिल्ली-कलकत्त्याला ट्रक पाठवू लागलो. हातगाडीपासून दुसऱ्यांदा सुरुवात करणाऱ्या माणसाला रात्री राग झोपू देत नाही आणि सकाळी तोच उठवतो. मी जे उभं केलं ते त्या रागावर.

अडचण अशी की मार्केटात सगळ्यात चांगला माल त्याच्या गाळ्यावर यायचा. शेतकऱ्यांचा त्याच्या पारखीवर विश्वास होता. मला माल हवा होता, त्याला घेणारा हवा होता. त्यामुळे आमचं बोलणं बंद होतं आणि व्यवहार चालू होता. मी जाऊन समोर बसायचो. तो रुमाल टाकायचा. बोटं बोलायची. सौदा झाला की मी हात काढून घ्यायचो आणि उठायचो. नमस्कार नाही, काही नाही. असं किती वर्षं चाललं, ते आता सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. फोटो त्याच काळातला. मागे पत्र्याची शेड दिसते, आणि ती शेड उभी राहिली तेव्हा आम्ही फुटून वेगळे झालो होतो. म्हणून मला त्या पाटीचा एवढा संताप. हातगाडीच्या दिवसांतला फोटो असता तर मी एक वेळ सोडून दिलं असतं.

मार्केटात सगळ्यांना आमची गंमत वाटायची. पण रुमालाखाली काय चालायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आजवर मी सांगितलेलं नाही. एका सकाळी त्याचा हात तापानं भाजत होता. मी त्या दिवशी फार ताणलं नाही. ताप असलेल्या माणसाशी घासाघीस करण्यात मजा नसते, एवढंच. पुढे माझी बायको गेली. दिवस करून मी मार्केटात परत आलो आणि त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्यानं रुमाल टाकला आणि असा भाव मागितला की तो मूर्खालाही परवडला असता. माल उत्तम, भाव रद्दीचा. मला कळलं त्यानं काय केलं ते. अंगाचा नुसता भडका झाला. याची दया मी घेऊ? मी त्याची बोटं दाबून वरचा भाव दिला. त्यानं मान हलवली, पुन्हा खाली आला. मी आणखी वर गेलो. तो विकणारा असून भाव पाडत होता, मी घेणारा असून चढवत होतो. भोवतीचे लोक म्हणत होते, आज फारच अडलं बुवा. शेवटी तो थांबला, माझा भाव घेतला. मी जास्त दिले आणि छाती काढून उठलो. घरी आल्यावर मात्र कुलूप उघडायला जरा वेळ लागला.

पुढे रुमाल बंद झाला. उघड बोली आली, ओरडून भाव, सगळ्यांच्या समोर. ते चांगलंच झालं, शेतकऱ्याला कळतं काय चाललंय ते. पण ओरडून बोलायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि आमचं ते बंद होतं. मी माझा माणूस बोलीला उभा करू लागलो, त्यानं त्याच्या मुलाला. मग मीही धंदा आवरला. त्यानंतर त्याचा आणि माझा कुठल्याच तऱ्हेचा संबंध उरला नाही.

तर त्याच्याकडे गेलो. महालात, एका अरुंद गल्लीत, तीन मजली घर, दुसऱ्या मजल्यावर गॅलरी. दार सुनेनं उघडलं. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. “कोण पाहिजे?”

“सासरे आहेत का? जुनी ओळख आहे.”

तो गॅलरीत माकडटोपी घालून मटार सोलत बसला होता. मी दारात उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं, हातातली शेंग पुरी सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि मग बोलला.

“रस्ता चुकला का गा?”

“चुकलो नाही. काम आहे.”

“ते तर आलंच. कामाशिवाय तू कवा कोणाकडे गेला? बस.”

“उभाच बरा आहे.”

“उभा राह्य मंग. पाय तुहे हायेत.”

मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातात घेतला, लांब नेला, जवळ आणला. “मी लय बारीक दिसून राहिलो,” म्हणाला.

“खालची पाटी वाच.”

“चष्मा आत हाय. वाच वं,” त्यानं सुनेला सांगितलं. तिनं वाचलं. तो हसायला लागला. मटारच्या भांड्यावर हात ठेवून हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

“हसतो काय बे? खोटं लिहिलं त्यानं.”

“मंग खरं काय लिहायचं? दोन दुश्मन?”

“व्यापारी लिहायचं. तू फक्त त्या पोरीले सांग, आपण मित्र नव्हतो. फोनवर सांग, आता सांग. मी निघतो.”

“व्यापारी तू. मी तर चोर होतो ना? साऱ्या मार्केटात तूच तर बोंबलला होता.”

“होताच तू.”

सून आत निघून गेली. त्यानं आणखी एक शेंग सोलली. “चाल, सौदा करू,” तो म्हणाला. “तू म्हण का गाळ्यात मी चोरी नाही केली. एवढं म्हण. मी त्या पोरीले सांगतो का आमची दोस्ती नव्हती.”

“नाही म्हणत.”

“मंग दोस्तच राह्य.”

मी जिना उतरून खाली आलो तेव्हा कान तापले होते. पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की मी सबंध रस्ता त्याला द्यायची उत्तरं जुळवतोय. पुष्कळ उत्तरं होती. ती इतकी वर्षं साठली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

“चोरी म्हणत नाही,” मी गेल्या गेल्या सांगितलं. “दगा म्हणतो.”

“दगा चोरीपेक्षा महाग हाय बे. नाही जमत.”

“मंग तू सांग तुहा भाव.”

“चूक. तीही दोघांची.”

“माही काय चूक? बाप मेला, ही माही चूक?”

त्यानं माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “तुह्या गावी माणूस पाठवला होता मी. सही घ्यायले.”

“कोण माणूस?”

“मेला तो आता.”

“वा! बरा मेला तुहा साक्षीदार.”

सुनेनं चहा आणला. माझ्यासाठी खुर्चीही आणली होती. मी तिच्यासाठी बसलो.

त्या आठवड्यात मी रोज गेलो. रोज नवा शब्द घेऊन जायचो. दग्यावरून मी घाईवर आलो. तो म्हणाला, घाई नव्हती, मुदत होती. मी लबाडीवर गेलो तर त्यानं मला उठून जायला सांगितलं, आणि मी उठलोही, पण त्यानं वरून हाक मारली की पोहे झालेत. एकदा तो ‘गैरसमज’पर्यंत आला होता. हा शब्द मला परवडण्यासारखा होता. पण पहिल्यांदा समोरच्यानं बरा भाव दिला की हात सोडायचा नसतो, आणखी ताणून पाहायचं असतं, हे मी आयुष्यभर शिकलो. मी म्हणालो, “गैरसमज कोणाचा ते आधी ठरव.” त्यावर पुन्हा सगळं हातगाडीपासून सुरू झालं. कोणी कोणाला स्टेशनबाहेर आधी हाक मारली होती यावरच अंधार पडेपर्यंत वाद चालला. सून मध्येच म्हणाली, “तुम्ही दोघं नक्की कशासाठी भांडून राहिले?” आम्ही दोघंही तिच्यावरच ओरडलो.

या दिवसांत एक गोष्ट झाली. मी दुपारी दाढी करू लागलो. धंदा सोडल्यापासून मी दोन-दोन दिवस दाढी करत नसे, पाहणार कोण? माझ्या घरात सकाळी डब्याची बाई येते, दारातूनच जाते. मुलगा रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, मी बरी आहे म्हणतो, तो ठेवतो. संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उजळतात ते मी पाहतो. त्याचं वाईट वाटत नाही, सवय आहे. पण महालातून घरी आल्यावर घर जास्तच शांत वाटायचं, हे खरं. टीव्ही मोठ्यानं लावला तरी.

मग त्या फोटोवाल्याच्या मुलीचा फोन आला. “काका, उद्या शेवटचा दिवस. ते काका काय म्हणाले?”

“अजून ठरलं नाही.”

“मग आता पाटी राहू देते ना?”

“दोन दिवस वाढवता येत नाही का प्रदर्शन?” मी विचारलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं. मी कोणाजवळ मुदत मागत नाही.

ती हसली. हॉल दुसऱ्यांना दिलेला आहे, म्हणाली.

शेवटच्या दिवशी मी हॉलवर गेलो. फोटो उतरवणं चालू होतं. झोपलेला रिक्षावाला, पाठमोरी बाई, पाय चोळणारा म्हातारा, सगळे एकमेकांना टेकवून भिंतीशी उभे केले होते, मध्ये पुठ्ठे घालून. आमचा फोटो अजून वर होता. तिनं पाटी काढून माझ्यासमोर धरली. “बाबा असते तर तुम्ही त्यांच्याशीही असंच भांडला असता ना?”

“असता तर सोडला नसता.”

“छोटी प्रत देऊ का, काका? घरी लावायला.”

“फुकटचं मी घेत नाही.”

“मग विकत घ्या.”

“विकत? माझंच तोंड?”

ती पुन्हा हसली, आणि मीही हसलो असेन. तिनं पाटी लिफाफ्यात टाकली, फोटोला कापड गुंडाळलं. एवढ्यात टेम्पो आला. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

रिक्षावाल्याला मी मनीषनगर सांगायला हवं होतं. महाल सांगितलं.

गल्लीत उतरलो, भाडं दिलं, त्याच्या घराखाली आलो आणि थांबलो. पायऱ्या समोर होत्या. वर जाऊन काय म्हणणार, ते मी शोधू लागलो. फोटो गेला होता, पाटी गेली होती, त्याचं हो किंवा नाही आता कोणाला नको होतं. मी आयुष्यात कोणाच्या दारात काम नसताना गेलेलो नाही. ते कसं करतात, काय बोलून आत जातात, हे मला खरंच ठाऊक नाही.

तो गॅलरीत होता. त्यानं वाकून खाली पाहिलं.

“काय झालं गा?”

“संपलं प्रदर्शन.”

“पाटी?”

“तशीच गेली पुण्याले.”

“बरं.” त्यानं कठड्यावर कोपर टेकले. “मंग आता कशाले आला?”

तो रागानं विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गल्लीतून एक स्कूटर गेली, ती जाईपर्यंत मला वेळ मिळाला. ज्या जिभेवर मी जगलो ती तोंडात नुसती पडून होती.

“काही नाही,” मी म्हणालो. “इकडून जाऊन राहिलो होतो.”

“बरं,” तो पुन्हा म्हणाला, आणि सरळ उभा राहिला. मला तो दिसेनासा झाला. आतून सुनेचा आवाज आला, “कोण होतं बाबा?”

आणि त्याचा आवाज आला, सावकाश, मला ऐकू जाईल एवढा. “एक व्यापारी.”

तो हसत होता का, ते खालून कळलं नाही.

“अबे, व्यापारी कोणाले म्हणतो?” मी ओरडलो. “खाली ये! खाली येऊन म्हण!”

वरून खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. समोरच्या किराणा दुकानातल्या माणसानं मान बाहेर काढली. “काय झालं काका? कोणाले बोलून राहिले?”

“कोणाले नाही,” मी म्हणालो, आणि रिक्षा पाहायला कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.